पाठ टेकेपर्यंत

माणिक, अजून तुझा तेरावा व्हायचाय आणि तू एवढ्यातच परत यायला लागलास. तुला दम कधी नव्हताच. पंगतीत वरण यायच्या आत पहिली पोळी संपवणारा माणूस तू. मेल्यावर तरी चार दिवस निवांत राहशील असं मला वाटलं होतं. पण काल पहाटे तालमीत मारुतीपुढे दिवा लावायला वाकून आत शिरलो, तर कुस्तीच्या हौद्यातल्या मातीवर तू पडून गेलेला होतास.

म्हणजे तुझी खूण होती. खवाट्यांचे दोन ठसे, मधे कण्याचा चर, कमरेखालचा दाब आणि पार खाली टाचांचे दोन खळगे. डोक्याचा खळगा डाव्या अंगाला सरकलेला. सर्कशीत झुल्यावरून पडल्यापासून तुझी मान डावीकडे कललेली असायची आणि आम्ही चिडवायचो, "बोलून राह्यला आमच्याशी आन् बघून राह्यला बदनापूरकडं." गावात दुसरं कुणी तशी मान टाकून झोपत नाही.

आपल्या तालमीची रीत तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी शेवटी उठणाऱ्यानं फळीनं हौदा सारखा करायचा, आणि मग सकाळपर्यंत त्या मातीवर कुणी पाऊल ठेवायचं नाही. सकाळी कासिम वस्ताद आधी माती बघायचे, मग आमची तोंडं. तू गेल्यापासून तालीम बंद आहे. दिवाबत्ती आणि फळी तेवढी माझ्याकडे आली, कारण रोज तुझ्याशी झुंजायचो तो मी. तालमीच्या बोलीत मी तुझी जोड.

पहिल्यांदा वाटलं, कुत्रं शिरलं असेल. त्या कुत्र्याला शिव्या घालत फळी फिरवली, बाहेरून कडी लावली, कडीत लाकूड अडकवलं. आज पहाटे कडी तशीच होती, लाकूड तसंच होतं आणि आत तू पुन्हा पडून गेला होतास. आजची खूण कालच्यापेक्षा खोल होती. मी हात लावून बघितला. बाकीची माती गार होती. तेवढी कोमट होती, माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी.

मी काही घाबरट माणूस नाही. पण दिवा लावताना माझ्या हातातली काडी दोनदा विझली.

तर ऐक. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हौद्यातली सगळी माती उकरून बाहेर काढायची, असं वस्तादांनी ठरवलंय. पहिली कुदळ गेलेल्याच्या जोडीनं मारायची असते, म्हणजे मी. ती मारू की नको, एवढंच मला तुला विचारायचंय. बाकीचं पाल्हाळ आहे. पण पाल्हाळ लावल्याशिवाय तुझ्याशी बोलणं मला कधी जमलं?

तू सर्कशीबरोबर पळालास तेव्हा आपल्याला मिसरूड फुटत होतं. जालन्याला धान्याच्या मोंढ्याजवळ तंबू पडला होता. आपण दोघं हत्ती बघायला गेलो आणि परत येताना मी एकटाच होतो. तुझ्या आईनं माझीच गचांडी धरली. काही सालांनी बदनापूरच्या स्टेशनात तू उतरलास तो वाकडी मान आणि एक अजब कुस्ती घेऊन. सर्कशीत कुणी जपानी गडी होता म्हणे, बुटका आणि अबोल. वाघाच्या खेळाआधी तो भल्याभल्या धिप्पाडांना लोळवायचा, तेही स्वतः खाली पडून. तू त्याचे कपडे धुवायचास, आणि त्यानं तुला ती विद्या दिली.

आल्या आल्या लंगोट कसून तू हौद्यात उतरलास. मी शड्डू ठोकला, आणि तू काय केलंस? आपण होऊन उताणा पडलास. पाठ मातीला! सगळी तालीम खो खो हसली. वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला.

"ये क्या तमाशा हय रे? पाठ लगी तो कुश्ती खतम!"

"खतम न्हाई वस्ताद," तू खालून म्हणालास. "आत्ता तर चालू झाली. ये शिवा."

मी हसत हसत तुझ्या छातीवर आलो. पुढचं मला धड आठवत नाही. तुझे पाय माझ्या कमरेभोवती आले, माझा एक हात भलतीकडेच अडकला आणि तुझ्या दंडाच्या कात्रीत माझा गळा सापडला. वर मी होतो आणि जीव माझाच चालला होता. अख्ख्या मोगलाईत असली कुस्ती कुणी बघितली नव्हती.

त्याच दिवशी तू आम्हाला त्या जपान्याचा नियम सांगितलास. सहन होईना की तळहात मारायचा, दोनदा. मातीवर, नाहीतर समोरच्याच्या अंगावर, जिथं पोचेल तिथं. आणि हात पडला की धरणाऱ्यानं सोडायचं. त्याच क्षणाला. राग असो, पैज असो, जुनं वैर असो. "हात मारल्यावर बी ज्यानं सोडलं न्हाई, त्यो पैलवान न्हाई, जनावर," असं तू म्हणायचास. वस्तादांना मात्र तो नियम कधी रुचला नाही. माती त्यांची आई. "मां कू कोई थप्पड मारता क्या?" असं म्हणून ते तोंड फिरवायचे. बाकीचे हात मारायचे ते त्यांची पाठ वळल्यावर.

गावानं तुझं नाव 'उताण्या' पाडलं. जांबच्या जत्रेत तर तू कहरच केलास. आखाड्यात उतरलास, खडाखडी झाली आणि तू सरळ आडवा पडलास. पंचांनी लगेच समोरच्याचा विजय पुकारला. त्याला फेटा बांधायला गेले तर तो काळानिळा होऊन तुझ्या बरगड्यांवर थपाथप हात मारत होता, आणि तू त्याला सोडून खाली पडल्या पडल्या हसत होतास. फेटा त्याला मिळाला, पण तो बांधून घ्यायला त्याची मान पंधरवडाभर वळली नाही. परतीच्या वाटेवर बैलगाडीत मी तुझ्यावर उखडलो होतो. "गावाची लाज घालवली तू," मी म्हणालो. "आपन होऊन उतानं पडायचं काम मेलेल्या मानसाचं असतं."

तू गाडीतही उताणाच पडला होतास, आभाळाकडे बघत.

"पडायचं भ्या हाय तंवर मानूस दुसऱ्याच्या मुठीत असतो, शिवा. पाठ लागली की आनखी खाली जायला जागाच न्हाई. तितून पुढं खरी कुस्ती."

"पाठ लागली की संपलं," मी म्हणालो.

"संपत न्हाई."

"संपतं!"

हे आपलं भांडण. कितीदा झालं असेल! शेतात, बाजारात, तुझ्या लग्नाच्या मांडवात हळद लागत असताना. गोदावहिनी तेव्हा नवी नवरी, मुंडावळ्यांआडून आपल्याकडे बघत होत्या, की हा नवरा आणि त्याचा दोस्त अक्षता पडायच्या आत एकमेकांची डोकी फोडतात की काय. भांडण मिटलं नाही कधी. आता मिटवायला तू नाहीस. म्हणजे, नाहीस असं मी परवापर्यंत समजत होतो.

आणखी एक दिवस मला सारखा आठवतो. पोळ्याच्या आधीचा. तुझ्या कात्रीत माझा गळा होता आणि मी ठरवलं, आज हात मारायचा नाही. तसा मी कधीच मारला नव्हता. एकतर मी सुटायचो, नाहीतर तूच दया येऊन सोडायचास. हात मारणं मला रडण्यासारखं वाटायचं. डोळ्यापुढं आधी लाल झालं, मग काळं, मग काहीच नाही. शुद्धीवर आलो तर तू माझ्या तोंडावर पाणी मारत होतास आणि भोकाड पसरून रडत होतास.

"काहून न्हाई मारला हात? मुडद्या, काहून न्हाई मारला?"

"मी काय रडका हाय का?" मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "रडून तर तू राह्यला."

"मी रडून राह्यलो, कारन धरलेलं मी व्हतं! तुझा जीव माह्या हातात व्हता आन् तू सांगत नव्हता. धरनाऱ्याला कळत न्हाई शिवा. किती आवळलं ते धरनाऱ्याला कधीच कळत न्हाई. ज्यो सापडला, त्यानंच सांगाया लागतं."

मी तेव्हा थुंकलो होतो आणि दुसऱ्या दिवशी परत जोडीला उभा राहिलो होतो. तुझं म्हणणं मी ऐकून घेतलं, एवढंच. समजून घेतलं नाही.

मग ही यंदाची ज्वारीची सुगी. काढणी झालेल्या रानातून अनवाणी येताना धसकट तुझ्या टाचेत घुसलं. काढणीत ज्वारीचं धसकट कुणाच्या पायात जात नाही? तू लंगडत तालमीत आलास आणि वस्तादांनी आम्हा सगळ्यांना आजवर जे केलं तेच तुला केलं. हौद्यातली चिमूटभर माती घेतली, तेलात कालवली आणि अंगठ्यानं जखमेत दाबून भरली. माळावरची तांबडी माती, ताक, लिंबू, हळद, कापूर पिऊन वर्षानुवर्षं मुरलेली. माझी भुवई फुटली तेव्हा तीच माती, कान मोडला तेव्हा तीच. तालमीच्या मातीनं जखम वाळते, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. "मिट्टी हय, मां हय. सब भर देती," वस्ताद म्हणाले, आणि तू "हाव वस्ताद" म्हणून बैठका मारायला लागलास.

आठवडाभरानं तुझा जबडा आखडला. घास तोंडात जाईना. मी टांगा पिटाळून जालन्याहून डॉक्टर आणला. त्यानं तुझ्या टाचेकडे बघितलं आणि विचारलं, "जखमेला काय लावलं होतं?" दारात उभ्या असलेल्या वस्तादांनीच मातीचं सांगितलं.  डॉक्टरनं धनुर्वात आहे, एवढं सांगितलं. आता फार काही हातात नाही, अंधार करा, आवाज करू नका.

तुझ्या घरातला तो अंधार माझ्या डोळ्यांतून अजून जात नाही. भर दुपारी खिडकीला गोणपाटं लावलेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवलेल्या. कोंबडा दुसऱ्या आळीत नेऊन सोडलेला. बांगड्या वाजू नयेत म्हणून वहिनींनी दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. अख्खी गल्ली दबक्या पावलांनी चालायची, बोलायची ती कानात. जिवंत माणसांनी भरलेलं घर आणि कुणी नसल्यासारखं गप्प. आणि तरी कुठंतरी एखादं भांडं निसटायचंच. मग तू उचलला जायचास. डोकं आणि टाचा तेवढ्या अंथरुणाला, मधलं सगळं अंग वर, कमानीसारखं. चीत होऊ नये म्हणून पैलवान मानेवर आणि टाचांवर अंग तोलून धरतो, अगदी तसा. आणि तोंडावर हसू. दात दाखवणारं, ताणलेलं हसू. तुझं हसू मी जन्मभर बघितलंय, माणिक. ते तुझं नव्हतं. दुसरंच कुणीतरी तुझ्या तोंडातून माझ्याकडे बघून हसत होतं.

डोळे मात्र तुझे होते. शेवटच्या दिवशी तू माझ्याकडे एकटक बघत होतास. मी तुझा हात धरून बसलो होतो. तुझा दुसरा तळहात हळूच वर आला आणि माझ्या मनगटावर पडला. दोनदा.

तो स्पर्श मी झोपेत ओळखीन. मी चट्कन तुझा हात सोडला. तू परत मारलास, दोनदा. मी मागे सरकून बसलो, आता माझं बोटही तुला लागत नव्हतं. तू अंथरुणावर हात मारलास. दोनदा. आणि बघत राहिलास.

"काय सोडू, माणका?" मी पुटपुटलो. माझ्या तेवढ्या आवाजानंही तुझी पाठ उचलली गेली.

संध्याकाळच्या आत "भुईवर घ्या" असं कुणीतरी म्हणालं. सारवलेल्या जमिनीवर तुला खाली घेतलं. तुझ्या पाठीखालून मी माझा हात काढला, तो कुठंच अडला नाही. खालून सरळ आरपार निघाला. तू त्या कमानीतच गेलास. गेल्यावरही अंग सैल पडलं नाही. तिरडीवर बांधताना सुंभ दोनदा निसटला. खांदेकऱ्यांतला कुणीतरी म्हणाला, "जलमभर उताना पडला, आन् आता पाठ लावंना." कुणी हसलं नाही. बोलणाराही मग रडायला लागला.

आपल्या भांडणात मी जिंकलो म्हणायचं का? पाठ लावायची नाही असं मी म्हणायचो, आणि शेवटी तुझ्या अंगानं माझंच ऐकलं. असलं जिंकणं वैऱ्यालाही नको. मला तुझी आठवण येते, माणिक. लई येते.  छातीवर कुणी बसल्यासारखं सारखं जड वाटतं. अंघोळ करताना, बैल सोडताना, ते वजन हलत नाही. बायको म्हणते, दुःख असतं असं, जाईल.

वस्तादांची गत माझ्याहून वाईट आहे. तालमीच्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. उजव्या हाताचा अंगठा आत घेऊन मूठ आवळून बसतात. जेवतातही तसेच, चार बोटांनी. कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही, तुझी आईसुद्धा नाही. पण मी खुणेचं सांगितल्यावर त्यांचा चेहरा मातीसारखा झाला.

"उस मिट्टी कू निकालो, शिवराम. पूरी की पूरी. नद्दी में डालो," ते म्हणाले. "वो मेरे लिए आया हय."

"तुमच्यासाठी काहून येईल वस्ताद?"

त्यांनी नुसती मूठ वर करून दाखवली.

आणि दुसरीकडे गोदावहिनी. त्यांना मी सांगणार नव्हतो, पण गावात अशी गोष्ट झाकून राहते का? आज दुपारी त्यांनी मला ओसरीवर बसवलं. हातांत आता बांगड्या नाहीत. वाजण्याची भीती नाही.

"भाऊजी, येक इचारू? पाठ बराबर टेकलीय का हो? मधी हात जातो का?"

"न्हाई जात वहिनी. पुरी टेकलीय. कना बी उमटलाय."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. मग म्हणाल्या, "मंग नका उकरू. इतक्या दिसांनी त्येंची पाठ टेकून राह्यली. नदीत टाकली तर कुठं टेकतीन ते?"

आता सांग. माती काढावी तर तुझं अंथरूण गेलं. ठेवावी तर तालीम मेली, कारण त्या हौद्यात आता कुणी उतरायला तयार नाही, आणि वस्ताद तर त्या मुठीतच मरतील. मी कुणाचं ऐकू? दोनदा पडून गेलास, पण एक शब्द सांगितला नाहीस.

वरचं सगळं तेराव्याच्या आधी लिहिलं होतं. आता तेरावाही झाला, आणि मातीचंही झालं. तुला ठाऊक असेल, तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

तेराव्याचं जेवण उरकून गाव पेंगत होतं. भर दुपारची वेळ, कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी तालमीत गेलो. सकाळी मी स्वतः फळी फिरवली होती, तरी खूण होतीच, डावीकडे मान टाकून. झरोक्यातून उन्हाचा पट्टा बरोबर तुझ्या छातीच्या जागेवर पडला होता. छातीची जागा म्हणजे रिकामी हवा. पण त्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, आणि ती वर जायची, खाली यायची. वर जायची, खाली यायची. श्वास चालल्यासारखी.

 पळावंसं वाटलं. पण पळून कुठं जाणार? छातीवरचं वजन माझ्याबरोबरच येणार. मी सदरा काढला, हौद्याच्या कडेवर ठेवला. मातीला हात लावून कपाळाला लावला. आणि जे तू इतकी वर्षं घसा फोडून सांगितलंस तरी मी केलं नाही, ते केलं. आपण होऊन पाठ टेकवली. तुझ्या खुणेत.

माझे खवाटे तुझ्या खवाट्यांत बसले. माती ऊन होती. कापराचा आणि हळदीचा वास आला, तुझ्या अंगाला यायचा तो. बाहेर कुणीतरी शेळ्या हाकत चाललं होतं, हुर्र हुर्र करत. ते मला स्पष्ट ऐकू येत होतं, म्हणजे मी झोपेत नव्हतो. आणि वजन वाढायला लागलं. छातीवरून गळ्याकडे सरकलं. दोन्ही बाजूंनी आवळत आलं. ती पकड मला अनोळखी नव्हती. अशी कात्री घालणारा मुलखात एकच गडी होता.

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी समजत होतो, की तुला मी धरून ठेवलंय. त्या अंधाऱ्या खोलीत तू हात मारलास तो मी सोडावं म्हणून, आणि काय सोडायचं ते मला कळलं नाही, या विचारानं मी झुरत होतो. पण तुला धरलं होतं त्या दुखण्यानं. तू त्याला हात मारत होतास, आणि त्याला आपला नियम ठाऊक नव्हता. मी तुला धरलंच नव्हतं. धरलं होतंस तू मला, जाता जाता, हाताला लागला तो माणूस, बुडणारा धरतो तसा. आणि किती आवळलंय ते तुला कळत नव्हतं. तूच सांगितलं होतंस ना? धरणाऱ्याला कधीच कळत नाही. ज्यो सापडला, त्यानंच सांगाया लागतं.

डोळ्यापुढं लाल झालं. मग कडेनं काळं यायला लागलं. मी हात उचलला आणि मातीवर मारला. दोनदा. जन्मात पहिल्यांदा.

तू सोडलंस. त्याच क्षणाला.

छाती एवढी हलकी झाली की माझ्या तोंडून ओरडाच निघाला. मग मी रडलो, अगदी तुझ्यासारखा, भोकाड पसरून. हात मारणं रडण्यासारखं असतं हे माझं म्हणणं काही अगदीच खोटं नव्हतं. उठून मागं बघितलं तर मातीत एकच खूण होती आणि तिची मान सरळ होती. माझी होती ती. धूळ नुसती उन्हात पडून होती. हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली कुदळ मी मारली. माती नदीत टाकली नाही. गाडीत भरून तुझ्या रानात नेली, बांधावरच्या कडुलिंबाखाली, जिथं तू दुपारी भाकरी खाऊन आडवा व्हायचास. तालमीतली फळी बरोबर नेली होती. माती पसरून सारखी केली. वहिनी खाली बसल्या, तळहात फिरवून बघितला, कुठं खड्डा राहिला नाही ना याची खात्री करून घेतली. "हितं टेकल," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसले.

वस्ताद गाडीमागं चालत आले होते. बांधापलीकडेच थांबले. मी बोलावलं तरी पुढं येईनात. मग मी त्यांना भर उन्हात जवळ जाऊन सगळं सांगितलं, आदल्या दुपारचं, वजनाचं, मी हात मारल्याचं.  

मग ते आले. लिंबाखाली गुडघ्यांवर बसले. हळूहळू मूठ उघडली, एकेक बोट, आणि सगळ्यात शेवटी तो अंगठा. दिवसचे दिवस आवळून तो पांढरा पडला होता. मातीला ज्यांनी उभ्या हयातीत कुणाला थप्पड मारू दिली नाही, त्यांनी आपला तळहात वर उचलला आणि तुझ्या मातीवर मारला. दोनदा.

सोड त्यांना, माणिक.